रुग्णाच्या उशाशीं

इस्पितळांचा इतिहास सांगतांना डॉक्टरांचीं व देणगीदारांचीं नांवें आवर्जून घेतलीं जातात. रात्रीं दोन वाजतां रुग्णाच्या उशाशीं जागणाऱ्या परिचारिकेचें नांव त्यांत क्वचितच आढळतें. वास्तविक अत्यवस्थ रुग्णाचे प्राण पुष्कळदां तिच्याच हातीं असतात. हे हात तयार करावयास आपल्या देशास किती काळ लागला, ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

१९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदन काढलें. पुढें तेथील स्त्रिया ससून इस्पितळांत शुश्रूषेचें शिक्षण घेऊं लागल्या. त्यांत विधवाही होत्या. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, जातगोत न पाहतां त्याचें मलमूत्र काढावयाचें आणि रात्रपाळीही करावयाची, हें त्या काळच्या घरंदाज कुटुंबांस रुचणारें नव्हतें. लोकापवाद सोसूनच त्यांनीं हें काम पत्करलें. परंतु देशाच्या विस्तारापुढें असे प्रयत्न फारच थोडे. १९४६ सालीं भोर समितीनें हिशेब मांडला, तेव्हां सुमारें ४३,००० माणसांमागें एक परिचारिका असें प्रमाण निघालें. त्याच वर्षीं दिल्ली व वेलोर येथें परिचारिकांचे पदवी-अभ्यासक्रम सुरू झाले.

इकडे ही अवस्था असतां, १९५२ सालीं डेन्मार्कमध्यें कोपनहेगन शहरीं बालपक्षाघाताची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण शेंकड्यांनीं येऊं लागले आणि यंत्रें तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. तेव्हां डॉ. ब्यर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून गळ्यास छिद्र पाडून त्यांत नळी बसविली, व वैद्यकाच्या सुमारें १,५०० विद्यार्थ्यांनीं आळीपाळीनें रबरी पिशवी दाबून रुग्णांना श्वास पुरविला. मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. अतिदक्षता विभागाची कल्पना यांतूनच रुजली. तिचा आरंभ यंत्रानें नव्हे, माणसाच्या हातांनीं झाला, हें विसरलें जातें.

आपल्याकडे या विद्येची कसोटी धनुर्वातानें पाहिली. मुंबईंत डॉ. फारूख उदवाडिया यांनीं या रोगावर मोठें काम केलें. धनुर्वाताच्या रुग्णास उजेड, आवाज, नुसता स्पर्शही झटका आणतो. म्हणून परिचारिकेनें पाऊल न वाजवितां वावरावयाचें, लाळ साठूं द्यावयाची नाहीं, कूस बदलावयाची तीही बेतानें. रोग विकोपास गेला म्हणजे औषधानें सारे स्नायू शिथिल करून श्वास यंत्राच्या स्वाधीन करावा लागतो. मग रुग्णास हांक मारतां येत नाहीं, पापणीही हलवितां येत नाहीं. अशा वेळीं यंत्राची नळी सुटली व तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, तर कांहीं मिनिटांतच खेळ आटोपतो. रुग्ण अगदीं स्तब्ध दिसतो. पण ही स्तब्धता औषधाची कीं मरणाची, हें ओळखणारी नजर दोन-चार व्याख्यानांनीं येत नाहीं. ती अनुभवी परिचारिकेशेजारीं महिनोगणती उभें राहूनच येते.

आणि नेमकें तेथेंच अडतें. अशी नजर कमावलेल्या परिचारिकेची कित्येक सरकारी इस्पितळांत दुसऱ्या विभागांत बदली होते. जणूं कोणतीही परिचारिका कोठेंही चालते! कित्येक जणी चांगल्या वेतनासाठीं आखाती देशांत वा विलायतेस जातात, आणि त्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. भारतीय परिचर्या परिषदेनें अतिदक्षता शुश्रूषेचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आंखला तो थेट २०१६ च्या सुमारास. त्यांत रुग्णालयांतील प्रत्यक्ष कामावरच भर ठेवला, हें उचितच झालें.

पुढें चारच वर्षांनीं कोविडची सांथ आली. श्वसनयंत्रें घाईघाईनें जिल्ह्याजिल्ह्यांस धाडण्यांत आलीं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत खाटेअभावीं माणसें दारांत तळमळत असतां, कित्येक जिल्हा रुग्णालयांत तीं यंत्रें बंदच पडून होतीं; कांहीं बिघडलेलीं होतीं, आणि कांहीं चालविण्यास शिकलेलें माणूसच तेथें नव्हतें.