एक जीबी केवढ्याला?

तर झालं असं की, आमच्या प्रोजेक्टमध्ये जोहान्सबर्गचा एक जण आहे. त्याच्याकडे वीज गेली की वायफाय जातं आणि कॉलवरून गडी गायब. एकदा मी शहाणपणाने म्हटलं, "अरे, मोबाईलचा हॉटस्पॉट लाव की!" तो म्हणाला, "डेटा संपलाय, महिनाअखेर आहे." मग मी आपली टिमकी वाजवून घेतली, की आमच्याकडे डेटा जगात जवळजवळ सगळ्यात स्वस्त आहे वगैरे. त्याने शांतपणे विचारलं, "कुणासाठी?"

च्यायला! उत्तर सुचेना. विकांत त्यातच गेला.

आकडे माझ्याच बाजूने होते म्हणा. केबल.को.यूके ही ब्रिटिश साईट काही वर्षं देशोदेशीच्या १ जीबीचा सरासरी दर काढत होती. २०१९ साली भारत सगळ्यात स्वस्त, ०.२६ डॉलर. जगाची सरासरी ८.५३, अमेरिका १२.३७ आणि तळाला झिम्बाब्वे, ७५.२० डॉलर! (तिथल्या चलनाचा तेव्हा पार बोजवारा उडाला होता, त्यामुळे हा आकडा जपूनच घ्यावा.) २०२२ मध्ये इस्रायल ४ सेंटवर आलं, आपण १७ सेंटवर. सगळ्यात महाग सेंट हेलेना, ४१ डॉलर. नेपोलियनला कैदेत ठेवलं होतं तेच हे बेट. ऑक्टोबर २०२३ पर्यंत तिथलं सगळं इंटरनेट उपग्रहावरून यायचं, समुद्राखालची केबल तेव्हा कुठे सुरू झाली. म्हणजे तिथे महाग का, हे कळतं. आपल्याकडे स्वस्त का, हे जास्त गमतीचं आहे.

कारण सुरुवात काही स्वस्ताईची नव्हती. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता. वर इनकमिंगलाही पैसे! १९९९ च्या धोरणाने ठोक लायसन्स फी काढून उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि कॉलचे दर धडाधड खाली आले. डेटा मात्र महागच राहिला. २०१० च्या थ्रीजी लिलावात सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी मिळाले. कंपन्यांनी एवढे पैसे मोजल्यावर ते वसूल कुठून करणार? आपल्याकडूनच. ट्रायच्या हिशेबाने २०१४ च्या शेवटी १ जीबीमागे कंपन्यांना सरासरी २६९ रुपये मिळत होते. शाळेत असताना मी डेटा ऑन करायचो, मेसेज बघायचो आणि लगेच ऑफ. अजूनही कधी कधी बोट आपोआप तिकडे जातं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. आम्ही तेव्हा इंजिनिअरिंगला. आधार घेऊन सिमसाठी रांगेत उभं राहण्याकरता जेवढी लेक्चरं बुडवली, तेवढी सिनेमासाठीही बुडवली नसतील. ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट! २०२२ पर्यंत ते २६९ रुपये १० च्या आसपास आले होते. पण दहाएक कंपन्या होत्या, त्या मिटल्या, विकल्या, एकमेकींत विरघळल्या. उरल्या तीन खाजगी आणि बीएसएनएल.

हे काही आपलंच वेगळेपण नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०१२ ला फ्री मोबाईल आली, १९.९९ युरोत अमर्याद कॉल घेऊन, आणि जुन्या कंपन्यांना दर पाडावे लागले. तिच्याच मालकांनी मे २०१८ मध्ये इटलीत इलियाद आणली: ५.९९ युरोत ३० जीबी. उलट कॅनडात बेल, रॉजर्स, टेलस या तिघींनी बाजार वाटून घेतलाय. टोरांटोला असलेला आमचा मित्र अजून बिल आलं की आधी रुपयांत गुणतो, मग सुस्कारा टाकतो.

पण मला खरं अडकवलं ते दक्षिण आफ्रिकेने. २०१६ मध्ये तिथे 'डेटा मस्ट फॉल' ही मोहीम पेटली. २०१७ मध्ये त्यांच्या स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली आणि डिसेंबर २०१९ च्या अहवालात नेमकी मेख दाखवली. मोठा पॅक घेणाऱ्याला एमबी स्वस्त, छोटा घेणाऱ्याला कितीतरी महाग. म्हणजे गरीब माणूस तोच डेटा जास्त पैसे देऊन घेतो. पाव किलो साखर नेणाऱ्याला किलोवाल्यापेक्षा चढा भाव लागावा, तसंच. त्यानंतर १ एप्रिल २०२० ला व्होडाकॉमने महिन्याचा १ जीबी १४९ रँडवरून ९९ वर आणला.

आता आपला हिशेब. जुलै २०२४ च्या दरवाढीत रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा २३९ चा पॅक २९९ झाला. एकूण ४२ जीबी, म्हणजे जीबीला सव्वासात रुपयांच्या आत. स्वस्तच की! फक्त, ४२ जीबी वापरणाऱ्याला.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी महिन्याला एक जीबीही वापरत नसतील. त्यांना हवेत ते फोन. पण २०१८ च्या अखेरीपासून किमान रिचार्ज मारला नाही, तर काही दिवसांनी इनकमिंगही बंद व्हायला लागलं. शिवाय महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात १३ रिचार्ज. (तीस दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवा, असं ट्रायला २०२२ मध्ये सांगावं लागलं!) डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नुसत्या कॉल-मेसेजचे पॅक काढायला लावले. ते आले, पण ८४ दिवसांचे, साडेचारशेच्या आसपास. दिवसाला साडेपाच रुपये पडतात, वाईट नाही. पण साडेचारशे एकदम काढायचे.

परवा मावशींच्या मुलाचा फोन आईच्या मोबाईलवर आला. त्यांचा बंद होता. मी त्यांना हा ८४ दिवसांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, अगदी भागाकारासकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, पूर्वी तो दहाचा मिळायचा, तो नाही का मिळत आता?"