घाटातली बारी आणि क्रीडापान

बाळू पालवणकर यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. शंभरावर वर्षे उलटली, तरी हा आकडा छातीठोकपणे सांगता येतो, कारण धावफलक त्या त्या वेळी छापले गेले. बैलगाड्याच्या वाट्याला असा छापील धावफलक आला नाही. एखाद्या खेळाच्या आयुष्यात या उणिवेने काय घडते, ते जुन्नर-आंबेगावात पाहावे.

येडगाव, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात बैलगाडा हा यात्रेचा प्राण. चढाच्या घाटात एकेक गाडा स्वतंत्र सुटतो. पुढे घोडी, मागे जुंपलेले बैल. स्पर्धा शेजारच्या गाड्याशी नव्हे, घड्याळाशी. बारी काही सेकंदांतच संपते आणि सर्वांत कमी वेळाचा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. म्हणजे हा मुळात आकड्यांचा खेळ.

नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू केला आणि गावोगावच्या बातमीला पुण्याच्या दैनिकात जागा मिळाली. पुढे बैलगाडाही छापून येऊ लागला, पण बहुधा यात्रेच्या वृत्तात: पालखी, गर्दी, बक्षिसाची रक्कम, गाडामालक आणि प्रमुख पाहुणे. सेकंद क्वचित, बैलाची कारकीर्द त्याहून क्वचित. वाचकही तसाच घडला. कोणाला किती बक्षीस मिळाले हे त्याला पाठ. गेल्या वर्षीची वेळ मात्र पारावरच्या वादातच उरली.

याच्या उलट उदाहरण वि. वि. करमरकरांचे. १९६२मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी क्रीडापानाला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली आणि क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो यांचीही गंभीर समीक्षा केली. चढाई, पकड, डावपेच, संघटनेतील राजकारण यांवर वाद घालणारा वाचक अशा लेखनातून तयार होतो. तो केवळ टाळ्या वाजवत नाही, जाबही विचारतो.

बैलगाड्याला असा वाचक मिळण्याआधी न्यायालय गाठावे लागले. जुलै २०११च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या यातनांकडे बोट दाखवत शर्यती बंद केल्या. तालुक्याच्या पानावरची बातमी पहिल्या पानावर गेली. पारावर ‘बारी’, ‘जुंपी’ यांच्या जोडीला ‘याचिका’, ‘घटनापीठ’ हे शब्द आले. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

या काळात शौकिनांकडे परंपरेचा अभिमान होता, विरोधकांकडे क्रौर्याचे दाखले. दोघांनाही तपासता येईल अशी वर्षानुवर्षांची छापील नोंद मात्र नव्हती. कोणता बैल किती वर्षे पळाला, किती जायबंदी झाले, पुढे त्यांचे काय झाले, हे कोणी सातत्याने लिहिलेच नाही. क्रीडापानाने दुर्लक्ष केले, त्यात खेळाचा गौरव जसा हरवला तसा त्यावरचा अंकुशही.

चैत्रात पुन्हा घाट भरतात. बातमीदाराने बक्षिसाच्या रकमेशेजारी सेकंद लिहावेत आणि त्याच चौकटीत जखमी बैलांची संख्याही. पुढचा वाद निदान कागद समोर ठेवून होईल.