तिफण आणि जेथ्रो टल

१/ बी फोकून पेरावे की ओळीत? पेरणीयंत्र निवडताना आजही पडणाऱ्या या प्रश्नावर इंग्लंडमध्ये १७०१ च्या सुमारास जेथ्रो टल आपल्या मजुरांशी वाद घालीत होता.

२/ फोकलेले बी वाया जाते आणि पुढे कोळपणीही करता येत नाही, असे त्याचे मत होते. मजूर ओळीत पेरायला तयार होईनात. तेव्हा ऑर्गन या वाद्यातील खाच, जीभ व स्प्रिंग यांवरून त्याने पेरणीयंत्र रचले.

३/ पुढे हा युरोपचा नवा शोध मानला गेला. कॅप्टन थॉमस हॅलकॉट याचाही तसाच समज होता. दक्षिण भारतातील शेतात त्याने प्रत्यक्ष पाभरीने चाललेली पेरणी पाहिली आणि तो समज सोडला. त्याचा वृत्तान्त १७९७ मध्ये ब्रिटनमध्ये छापून आला.

४/ महाराष्ट्राची तिफण याच कुळातली: तीन फण, तीन नळ्या, वर चाडे. टलच्या यंत्रात बियांचे प्रमाण स्प्रिंग राखी; येथे ते चाड्यावरची मूठ राखते. शोधांच्या यादीत यंत्राला स्थान मिळाले, त्या मुठीला नाही.