रिचमंड हिलचा बंद फलाट

आगमनाची स्मरणिका म्हटली की जहाजांची नावे ओघानेच येतात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ पोर्ट लुईसला लागले आणि मॉरिशसमध्ये गिरमिटाचे पर्व सुरू झाले. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची आपली मराठी माणसेही त्याच किनाऱ्यावर उतरली. ५ मे १८३८ रोजी ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ब्रिटिश गयानात, तर ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ त्रिनिदादला पोहोचले. या सर्वांच्या पणतवंडांनी पुढे आणखी एक स्थलांतर केले, ते विमानाने. त्या दुसऱ्या प्रवासात बंदराची जागा स्टेशनाने घेतली. म्हणून यंदा आम्ही एका स्टेशनाची हकीकत सांगत आहोत.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रिचमंड हिल नावाचे उपनगर आहे. अमेरिकेचा १९६५चा स्थलांतर कायदा झाल्यावर गयाना आणि त्रिनिदादमधील गिरमिटिया कुटुंबे हळूहळू इथे स्थिरावली. लिबर्टी ॲव्हेन्यूवर पूजासाहित्य, साड्या, रोटी-करी यांची दुकाने थाटली गेली. फगव्याची मिरवणूक निघू लागली. २०२१ मध्ये लिबर्टी ॲव्हेन्यू आणि लेफर्ट्स बुलेव्हार्डच्या चौकाला ‘लिटल गयाना ॲव्हेन्यू’ हे जोडनाव मिळाले.

याच उपनगराच्या उत्तरेला, जमैका ॲव्हेन्यूजवळ, लाँग आयलंड रेलरोडचे रिचमंड हिल स्टेशन आहे. एकोणिसाव्या शतकात इथे वस्ती वाढली ती या लोहमार्गामुळेच. पुढे रस्त्यावरची फाटके टाळण्यासाठी रूळ उंचावर नेले गेले. मार्च १९९८ मध्ये मात्र या मार्गावरची पाच स्टेशने एकदम बंद झाली, त्यांत हेही होते.

कारणे समजून घेण्यासारखी आहेत. हा मार्ग विजेचा नव्हता. इथली डिझेल गाडी मॅनहॅटनला न जाता नदीच्या अलीकडे लाँग आयलंड सिटीलाच थांबे. पुढे गाडी बदलावी लागे. गाड्याही मोजक्याच. उलट भुयारी रेल्वेच्या ‘ए’ आणि ‘जे’ गाड्या जवळच होत्या आणि त्या थेट मॅनहॅटनला जात. त्यामुळे प्रवासी उरले नाहीत. त्यातच नव्या दुमजली डब्यांत बुटक्या फलाटावरून चढता येत नव्हते. मोजक्या प्रवाशांसाठी फलाट उंच करण्याचा खर्च रेल्वेला परवडणारा वाटला नाही.

ज्या काळात आपल्या लोकांची वस्ती भरत होती, त्याच काळात हे स्टेशन रिकामे होत गेले. यात कोणी आपल्यावर अन्याय केला असे आम्ही म्हणणार नाही. पण बोध घ्यायलाच हवा. केवळ इमारत आणि पाटी असली म्हणजे स्टेशन झाले असे नाही. वेळेवर सुटणारी गाडी, चढता येईल असा फलाट, म्हाताऱ्या माणसासाठी लिफ्ट आणि पुढची गाडी मिळण्याची सोय, या सगळ्यांचे मिळून स्टेशन होते. शेजारचे जमैका स्टेशन याचा दाखला आहे. (नाव सारखे असले तरी कॅरिबियन बेटाशी त्याचा संबंध नाही.) लाँग आयलंडचे बहुतेक फाटे तिथे एकत्र येतात, खाली भुयारी रेल्वे मिळते, आणि २००३ पासून केनेडी विमानतळाची एअरट्रेनही. गयानाहून आलेल्या पाहुण्याचे पहिले स्टेशन बहुधा तेच असते.

आपल्या लोकांना बंद रेल्वे नवी नाही. त्रिनिदादची रेल्वे १९६८ मध्ये थांबली, गयानाची डेमेरारा रेल्वे १९७२ मध्ये. मॉरिशसमध्ये प्रवासी गाड्या १९५६ मध्येच संपल्या होत्या. पण २०१९ मध्ये मेट्रो एक्सप्रेसच्या रूपाने रूळ परत आले. रिचमंड हिलचा मार्गही अजून आहे, त्यावरून मालगाड्या जातात. प्रवासी गाड्या पुन्हा सोडता येतील का, याचा अभ्यास शहराच्या वाहतूक खात्याने करून घेतला आहे. अशा वेळी सभेला जाऊन आपली गरज सांगणे हे आपले काम आहे.

पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर दगडी पायऱ्या आहेत. आपले पूर्वज त्या चढले, तेव्हा कुठे जायचे आणि कधी परतायचे हे करारनाम्याने ठरवले होते. स्टेशनाचा जिना आपण आपल्या मर्जीने चढतो आणि संध्याकाळी त्याच जिन्याने घरी उतरतो. एवढी साधी गोष्ट मिळायला आपल्याला किती पिढ्या लागल्या, हे नव्या पिढीला सांगायला हवे.