बाहेरचा पार्ट बसतो कसा?

मोटरसायकलचा आरसा फुटला की आपण सुट्या भागांच्या दुकानात जातो. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कंपनीचा देऊ, की बाहेरचा?" बाहेरचा म्हणजे मोटरसायकल बनवणाऱ्या कंपनीचा नसलेला, दुसऱ्याच कारखान्यातला. आपण बाहेरचा घेतो आणि घरी अंगणातच एका पान्याने बसवून टाकतो. ज्या कामगाराने तो आरसा बनवला, त्याने आपली मोटरसायकल कधी पाहिलेली नसते. ज्यांनी मोटरसायकल बनवली, त्यांना तो कामगार ठाऊक नसतो. तरीही आरशाचा दांडा हँडलवरच्या भोकात आट्यांवरून फिरत जातो आणि घट्ट बसतो.

याचे श्रेय पोलादाला नाही. ते माणसांनी आपापसांत केलेल्या एका कराराला आहे, आणि तो करार व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या कराराचा हा इतिहास आहे.

जोडीचा नट

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नट आणि बोल्ट ही नवरा-बायकोसारखी एकमेकांशी बांधलेली जोडी असे. कारागीर बोल्टवर आटे पाडी आणि त्याच बोल्टला बसेल असा नट तयार करी. यंत्र खोलले की कोणता नट कोणत्या बोल्टचा, याची खूण ठेवावी लागे. अदलाबदल झाली तर काम अडले. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० सालाच्या सुमारास आटे पाडण्याचे अचूक लेथ यंत्र बनवले. त्यामुळे निदान एका कारखान्यातले आटे एकसारखे होऊ लागले. परंतु शेजारच्या कारखान्याचे आटे वेगळेच असत.

इथे आट्यांबद्दल थोडे सांगायला हवे. मळसूत्र म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घेत चढतो, तसाच हा उतार दांड्याभोवती चढत जातो. दोन मळसूत्रे जुळायची असतील, तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: दांड्याचा व्यास, लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, आणि आट्याच्या दोन बाजूंमधला कोन. यांतली एक जरी चुकली तरी नट अडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, बसल्यासारखा वाटतो.

मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८३३ साली मँचेस्टरमध्ये स्वतःचा कारखाना काढला. त्याने इंग्लंडभरच्या कारखान्यांतून मळसूत्रे गोळा केली, त्यांची मापे घेतली आणि सरासरीच्या जवळपास जाणारी एक पद्धत ठरवली. १८४१ साली त्याने ती लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. आट्याचा कोन सगळीकडे ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला आट्यांची ठरलेली संख्या: पाव इंच व्यासाला एका इंचात २० आटे, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. ही मापे सर्वांत उत्तम आहेत असा त्याचा दावा नव्हता. सर्वांना चालतील अशी ती होती, आणि म्हणूनच ती टिकली.

करारात आणखी एक गोष्ट हळूहळू आली. कोणताही भाग अगदी तंतोतंत मापाचा बनत नाही. म्हणून बोल्ट ठरल्या मापापेक्षा किती लहान चालेल आणि नट किती मोठा चालेल, याच्याही मर्यादा ठरवाव्या लागल्या. बाहेरचा पार्ट बसतो तो अचूक असतो म्हणून नव्हे. त्याची चूक ठरलेल्या मर्यादेत असते, म्हणून तो बसतो.

समुद्रापलीकडचे आटे

अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली फिलाडेल्फियात वेगळी पद्धत मांडली. व्हिटवर्थच्या आट्यांची टोके गोलाकार होती आणि ती अचूक बनवायला कसबी कारागीर लागे. सेलर्सने टोके सपाट केली आणि कोन ६० अंशांचा घेतला, म्हणजे साध्या कारागिरालाही ते आटे पाडता येतील. विचार योग्य होता, पण त्याचा परिणाम असा झाला की अर्ध्या इंचाच्या बोल्टवर ब्रिटनमध्ये १२ आटे आणि अमेरिकेत १३! युरोपात मेट्रिक आटे रूढ होत होते. १८९८ साली झुरिचच्या परिषदेत त्यांनाही ६० अंशांचा कोन ठरला.

या दुहीची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' हे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवायला घेतले. ब्रिटिश आणि अमेरिकी सुटे भाग एकमेकांना चालायला हवे होते, म्हणून पॅकार्डला ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारेसुद्धा स्वतःच बनवावी लागली. अखेर नोव्हेंबर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या सामाईक आट्यांचा करार केला. त्याच सुमारास, १९४७ साली, आंतरराष्ट्रीय मानक संघटना म्हणजे आयएसओ स्थापन झाली. तिच्या तांत्रिक समित्यांपैकी पहिल्या क्रमांकाची समिती कशासाठी होती? मळसूत्राच्या आट्यांसाठी.

एका मोटरसायकलवर तीन घराणी

मोटरसायकल ही सायकलच्या घरात जन्मली. १९०२ साली इंग्लंडमधल्या सायकल अभियंत्यांच्या संस्थेने आपले आटे ठरवले होते: बहुतेक व्यासांना इंचात २६ आटे आणि कोन ६० अंश. पाव इंचाच्या बोल्टचा परीघ सुमारे २० मिलिमीटर असतो. एका फेऱ्यात व्हिटवर्थचा आटा १.२७ मिलिमीटर चढतो, सायकलचा ०.९८ मिलिमीटर. चढ सौम्य असला की थरथरीने नट आपोआप सुटण्याचा धोका कमी. म्हणून मोटरसायकलच्या सांगाड्यावर हे बारीक आटे आले. इंजिनाचे कवच मात्र ॲल्युमिनियमचे. त्या मऊ धातूत बारीक आटे चटकन उखडतात, म्हणून तिथे व्हिटवर्थचे जाड आटे राहिले. जाड, मध्यम आणि बारीक अशी आट्यांची दोन-तीन घराणी एकाच ब्रिटिश मोटरसायकलवर नांदत असत.

आपल्याकडे १९५५ साली रेडिचच्या रॉयल एनफिल्डने मद्रास मोटर्सबरोबर 'बुलेट'साठी भागीदारी केली, आणि हे ब्रिटिश आटेही आले. भारताने मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली केला, पण बुलेटवर इंचाचे आटे पुढे कित्येक वर्षे टिकून होते. १९६० च्या दशकात म्हैसूरची जावा आली, ती मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फरिदाबादची राजदूत आली, ती पोलंडच्या गाडीवर बेतलेली. या दोन्ही मेट्रिक. म्हणजे दोन्ही प्रकारच्या गाड्या दुरुस्त करायच्या, तर पान्यांचे दोन संच हवेत. त्यातही एक गंमत अशी की, व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून बोल्टच्या व्यासाचा असे. '१/४' लिहिलेल्या पान्याचे तोंड भरते सुमारे १३.३ मिलिमीटर. त्या नटाला १३ चा पाना लागत नाही आणि १४ चा लावला तर नटाचे कोपरे घासून तो गोल होतो. १९८० च्या दशकात हीरो होंडासारख्या जपानी सहकार्यातल्या मोटरसायकली आल्या, मेट्रिक आटे सर्वत्र झाले आणि बाहेरच्या पार्टचा बाजार फोफावला.

तरी इंच पुरता गेलेला नाही. १०० सीसीच्या अनेक मोटरसायकलींवर '४२८' क्रमांकाची चेन असते. त्यातला ४ म्हणजे चार अष्टमांश इंच, अर्थात कडीच्या दोन पिनांमधले अर्ध्या इंचाचे अंतर. हँडलच्या ज्या नळीवर आपण रबरी मुठी चढवतो, तिचा व्यास बहुधा २२.२ मिलिमीटर असतो, म्हणजे ७/८ इंच. एकदा करार झाला की तो मोडणे महाग पडते, मग भाषा इंचाची असो वा मिलिमीटरची.

आटे जुळले म्हणजे सारे जुळले?

आता पुन्हा आरशाकडे येऊ. अनेक मोटरसायकलींवर आरशाचा दांडा १० मिलिमीटर व्यासाचा आणि १.२५ मिलिमीटर पिचचा असतो. हार्डवेअरच्या दुकानातला १० चा साधा बोल्ट मात्र १.५ पिचचा असतो. व्यास तोच, म्हणून तो भोकात शिरतो आणि दीड-दोन फेरे फिरतोही. पण दर फेऱ्याला पाव मिलिमीटरचा फरक साठत जातो. चौथ्या फेऱ्याला तो एक मिलिमीटर होतो. तेव्हा पान्याने जोर लावला तर पोलादी बोल्ट आत जातो आणि ॲल्युमिनियमच्या भोकातले आटे कायमचे जातात. यामाहाच्या अनेक मॉडेलांवर तर उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. धक्का बसला तर आरसा तुटण्याऐवजी सुटा फिरावा, हा त्यामागचा हेतू. म्हणून जुन्या फिटरांचा नियम शास्त्रशुद्ध आहे: पहिले तीन-चार फेरे बोटांनी, पाना नंतर.

आट्यांच्या कराराची मर्यादा स्पार्क प्लगमध्ये दिसते. १४ मिलिमीटर व्यास आणि १.२५ पिचचा प्लग जगभर चालतो, त्यामुळे तो कोणत्याही तशा भोकात बसेल. पण काही प्लगांचा आट्यांचा भाग १२.७ मिलिमीटर लांब असतो, तर काहींचा १९. आखूड भोकात लांब प्लग बसवला तर त्याचे टोक आत डोकावते आणि काही इंजिनांत दट्ट्या त्यावर आदळू शकतो.

लांबी जुळली तरी उष्णतेचा प्रश्न उरतो. प्लगचे टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहायला हवे. त्याखाली काजळी जळून जात नाही. त्यावर गेले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते. प्लग किती उष्णता वाहून नेतो हे त्यावरच्या आकड्यात सांगितलेले असते. मात्र एनजीकेचा आकडा वाढला की प्लग 'थंड' होतो आणि बॉशचा वाढला की 'गरम'! आट्यांवर जगाचे एकमत झाले, या आकड्यांवर झाले नाही.

सायलेन्सरचेही असेच. तो बोल्टांनी सहज बसतो, पण त्याचा आवाज, त्यातून बाहेर पडणारा धूर आणि इंजिनावर येणारा मागचा दाब यांविषयी आटे काहीच सांगत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे निकष लागू झाल्यावर इंधनाचे प्रमाण संगणकावर सांभाळणाऱ्या मोटरसायकली सार्वत्रिक झाल्या. त्यांवर बाहेरचा पार्ट हाताने बसला, तरी संगणकाच्या हिशेबात बसेलच असे नाही.

घरी पार्ट बसवणाऱ्याला मिळालेले स्वातंत्र्य लहान नाही. त्यामुळे तो एका कंपनीच्या किमतीला आणि एका दुकानाच्या वेळापत्रकाला बांधील राहत नाही. पण या स्वातंत्र्यात कराराने हाताळलेला भाग कोणता आणि आपल्याला स्वतः समजून घ्यायचा भाग कोणता, हे ओळखता यायला हवे. भंगारातले चार बोल्ट आणि एक जुनी चेन मिळाली तर हा धडा वर्गातच होऊ शकतो.

वर्गात करून पाहा

१. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची रेघ मळसूत्रासारखी चढत जाईल. उंची तीच ठेवून पाया लांब केला तर चढ कसा सौम्य होतो, ते पाहा.

२. बोल्टवर कागद दाबून आट्यांचा ठसा घ्या. एका आट्यापासून पुढच्या दहाव्या आट्यापर्यंतचे अंतर मोजा. १२.५ मिलिमीटर आले तर पिच १.२५, १५ आले तर १.५. व्यास सारखा पण पिच वेगळे असे दोन बोल्ट मिळवून एकाच नटात बोटांनी फिरवा आणि दुसरा किती फेऱ्यांत अडतो ते नोंदवा.

३. '४२८' ची चेन ताणून धरा आणि अकरा लागोपाठच्या पिनांमधले, म्हणजे दहा कड्यांचे, अंतर मोजा. नवी असेल तर ते १२७ मिलिमीटर, बरोबर ५ इंच, भरेल. जुनी चेन याहून जास्त भरते. चेन 'वाढली' असे आपण म्हणतो, पण पट्ट्या फारशा ताणलेल्या नसतात. झिजलेल्या असतात त्या पिना. हे विद्यार्थ्यांना मोजूनच कळू द्या.