बसमध्ये, तरीही 'ऑन द बस'

मराठी माणूस मोटारीत बसतो, बसमध्येही बसतो. इंग्रज मात्र 'इन द कार' म्हणतो आणि बसची वेळ आली की 'ऑन द बस'. तो टपावर चढला की काय, असे आपल्याला वाटते. पण टप त्याच्या मनातही नसतो. बस, आगगाडी, जहाज, विमान यांत उभे राहून चार पावले चालता येते, म्हणून 'ऑन'. मोटारीत किंवा टॅक्सीत अंग मुडपून शिरावे लागते, म्हणून 'इन'. सायकल आणि घोडा यांची अडचणच नाही, तिथे स्वार खरोखर वर असतो.

प्रेपोझिशनच्या अभ्यासाची गोडी इथे लागते. शाळेत आपण 'इन' म्हणजे 'मध्ये', 'ऑन' म्हणजे 'वर' असे पाठ केलेले असते आणि तेवढ्यावर काही काळ निभतेही. पण 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याने झेलावा म्हणून चेंडू टाकणे, 'ॲट हिम' म्हणजे त्याला मारायला फेकणे. 'शाउट टू' ही दुरून घातलेली हाक, 'शाउट ॲट' हा अंगावर धावून जाणारा आवाज. 'ॲट'ला नेम धरायची सवय आहे. असा स्वभाव अर्थांच्या यादीत सापडत नाही. क्रियापदासकट अख्खा शब्दप्रयोग कानावर पडत राहिला की कळू लागतो. आपण 'डिस्कस अबाउट' म्हणतो, तेव्हा मराठीतले 'बद्दल' मागच्या दाराने आत आलेले असते.

जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. ते झिजत गेले, तसा या चिमुकल्या शब्दांवरचा भार वाढला. हे शब्दही झिजलेच: 'अस्लीप' आणि 'अलाइव्ह' यांतला आरंभीचा 'अ' हा मूळचा 'ऑन' आहे.

'ॲट द वीकेंड' ब्रिटिश, 'ऑन द वीकेंड' अमेरिकी. दोन्ही शुद्ध, एकाच लेखात दोन्ही मिसळू नयेत, एवढेच.

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको, हा दंडक मात्र मनावर घेऊ नये. कवी ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनला त्यावरून नावे ठेवली आणि पुढे स्वतःच्याच जुन्या निबंधातली अशी वाक्ये बदलली. १९२६ मध्ये कोशकार फाउलरने इंग्रजीच्या वापरावरील आपल्या कोशात या दंडकाची अंधश्रद्धा म्हणूनच वासलात लावली. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' असे विचारणाऱ्या पोराला तो कधी ठाऊकच नव्हता.