सरासरीबाहेरची माणसे

भारत १९४७ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, १९४८ च्या फेब्रुवारीत. दोघेही ब्रिटिश साम्राज्यातून सुटलेले, दोघेही शेतीवर जगणारे. तथापि त्या वेळी भारतीय मनुष्याचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, तर सिलोनचे पन्नाशीपार गेले होते. १९५१ च्या शिरगणतीत भारतात शंभरांतील १८ माणसे साक्षर आढळली. सिलोनमध्ये १९४६ सालीच हा आकडा ५८ च्या घरात होता. सिलोनचे दरडोई उत्पन्न काहीसे अधिक होते हे खरे. परंतु तेवढ्याने आयुष्याची वीस वर्षे पदरात पडत नाहीत.

आमच्या मते या फरकाचे एक मोठे कारण कायद्याच्या इतिहासात सापडते. सिलोनमध्ये १९३१ सालीच प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली; भारतात ती होण्यास १९५१-५२ साल उजाडावे लागले. मत मागण्यासाठी खेड्यात जावे लागले, की खेड्यातला ताप आणि तिथली शाळा पुढाऱ्यांच्या कानी पडू लागते. १९३४-३५ च्या हिवतापाच्या साथीत त्या बेटावर सुमारे ८० हजार माणसे दगावली. त्यानंतर दवाखाने खेड्यांकडे वळले. महायुद्ध संपताच डी. डी. टी. ची फवारणी झाली, आणि १९४६ साली हजारी २० असलेले मृत्यूचे प्रमाण एका वर्षात १४ वर आले. युद्धकाळात तांदळाचे रेशन सुरू झाले होतेच. १९४५ साली शिक्षणमंत्री कन्नंगरा यांनी बालवर्गापासून विश्वविद्यालयापर्यंतचे शिक्षण मोफत केले. १९५३ साली सरकारने रेशनच्या तांदळाचा भाव २५ सेंटांवरून ७० वर नेला, तेव्हा देशभर हरताळ पडला आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पायउतार व्हावे लागले. मत हाती असलेल्या माणसाची भूक राज्यकर्त्यांना ऐकावीच लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

इथवरची तुलना सिलोनच्या गौरवाची आहे. परंतु हा खर्च भागला कशातून, हा प्रश्न विचारताच चित्र पालटते. त्यातला मोठा वाटा चहाच्या निर्यातीचा होता. आणि चहा खुडणारे हात तमिळ मजुरांचे होते. एकोणिसाव्या शतकापासून त्यांना दक्षिण भारतातून मळ्यांवर नेण्यात आले. १९४६ साली त्यांची संख्या पावणेआठ लाखांवर होती, म्हणजे लोकसंख्येचा जवळजवळ नववा हिस्सा. १९४७ च्या निवडणुकीत त्यांचे सात प्रतिनिधी निवडूनही आले. पुढच्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला. त्यान्वये जन्म सिलोनमध्ये झाला एवढे पुरेसे नव्हते. बापही तिथेच जन्मलेला असावा, अथवा आजा आणि पणजा असावेत, अशी अट पडली. मळ्यावरच्या मजुराने बापाच्या जन्माचा दाखला आणावा कोठून? १९४९ साली त्यांची नावे मतदारयादीतून गेली. कोणत्याही जमातीविरुद्ध भेदभावाचा कायदा करू नये, असे राज्यघटनेचे कलम होते. तरीही हा कायदा जमातीविरुद्ध नसून नागरिकत्वाविषयी आहे, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १९५३ साली दिला.

परिणाम आकड्यांत उतरला. मळ्यांवरील बालमृत्यूचे प्रमाण अनेक दशके देशाच्या सरासरीहून बरेच चढे राहिले. मळ्यांवरच्या शाळा मळेवाल्यांच्या मर्जीवर चालत, त्यामुळे मोफत शिक्षणाचा ओघ तेथवर फारसा पोहोचलाच नाही. एका ओळीतल्या अंधाऱ्या खोल्यांत पिढ्या गेल्या. १९६४ साली शास्त्रीजी आणि सिरिमाव बंदरनायके यांनी करार केला: सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत, तीन लाख सिलोनने ठेवावीत, उरलेल्या दीड लाखांचे मागाहून पाहावे. ज्यांची वाटणी झाली, त्यांना कोणी विचारले नाही. उरल्यासुरल्यांना नागरिकत्व देणारा कायदा होण्यास २००३ साल यावे लागले.

गोमंतकीय वाचकांस येथे १९६२ चा आदेश आठवेल. २० डिसेंबर १९६१ पूर्वी स्वतः, आईबापांपैकी कोणी एक, अथवा आजी-आजोबांपैकी कोणीही एक गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेले असले, की ती व्यक्ती भारतीय नागरिक मानली गेली. ज्यांना आपले पूर्वीचे नागरिकत्व राखायचे होते, त्यांना तसे लिहून देण्याची मुभाही होती. वाडवडिलांच्या जन्मस्थळाची कसोटी इथेही होती. पण ती दार उघडण्यासाठी लावली होती. सिलोनने तीच दार लावण्यासाठी वापरली.

आजही श्रीलंकेचे आयुर्मान भारताहून अधिक आहे, आणि ते यश आम्ही कमी लेखत नाही. मात्र दोन देशांच्या जीवनमानाची तुलना करताना सरासरीशेजारी आणखी एक रकाना मांडावा, असे आम्ही सुचवतो: त्या देशात राबणाऱ्या किती माणसांना तिथे मत होते, आणि ज्यांना नव्हते, त्यांची मुले किती वर्षे जगली.